दिवाळीचें आकाश आणि छत्तीस चौकटी

लक्ष्मीपूजनाची रात्र ही अमावास्येची रात्र. ती नेमतांना आपल्या पूर्वजांनीं छायाचित्रकारांची सोय पाहिली नसेल हें उघड आहे. परंतु शहरावरील दारूकामाचें चित्र घेऊं इच्छिणाऱ्यास याहून सोईची तिथि मागूनहि मिळाली नसती. आकाशांत चंद्र नाहीं, पावसाळा बहुधा सरलेला, आणि सारें शहर आपल्या खर्चानें अंतराळांत रंग उधळीत असतें. इतकें असूनहि दिवाळीनंतर फिल्मचे रोल धुऊन घरीं येतात तेव्हां बहुतेक ठिकाणीं निराशाच पदरीं पडते. कोठें रस्ते व इमारती पांढऱ्याफटक लोळांत बुडून गेलेल्या, कोठें आकाशांतील फुलें चुन्याच्या शिंतोड्यांसारखीं रंगहीन झालेलीं, तर कोठें काळ्याभोर कागदावर नुसते चार ओरखडे. असें कां होतें, आणि तें टाळण्यास काय करावें लागतें, याचा थोडा ऊहापोह आज आम्ही करणार आहों.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांतील फोन चित्रें काढतो. मग फिल्मचा हट्ट कशाला? या प्रश्नावर आम्हांस भांडण मांडावयाचें नाहीं. फोन सारा हिशेब स्वतः करतो, चित्र लागलीच दाखवितो आणि बिघडलें तर पुसून दुसरें घेऊं देतो. परंतु अलीकडे कित्येक घरांतील तरुण मंडळींनीं आजोबांचे कॅमेरे कपाटांतून बाहेर काढले आहेत, असें आमच्या पाहण्यांत येतें. ‘इंदु’ फिल्म तयार करणारा उटकमंडचा सरकारी कारखाना बंद पडला; पण कोडॅक, इल्फर्ड आणि फूजी यांचे रोल अजून निघतात व मोठ्या शहरांतून मिळतात. ते स्वस्त नाहींत. एका रोलांत छत्तीस चौकटी, आणि चित्र कसें उतरलें हें कळावयास चार दिवसांची वाट. शिवाय सर्वोच्च न्यायालयानें २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालानें दिवाळीच्या रात्रीं फटाके उडविण्यास आठ ते दहा असे दोनच तास नेमून दिले. ही मर्यादा कितपत पाळली जाते हें मुंबईकरांस आम्हीं सांगावयास नको. तथापि आतषबाजीचा भर त्याच सुमारास असतो. छत्तीस चौकटी आणि दोन तास एवढ्याच भांडवलावर ज्यास काम करावयाचें, त्यास आधीं घरीं बसून विचार करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

पेशवाईंत ही अडचण निराळ्या स्वरूपाची असती. कोट्यास दिवाळींत दारूची लंका उभारून ती जाळतात, हें वर्णन महादजी शिंद्यांनीं सवाई माधवरावांस ऐकविलें आणि श्रीमंतांनीं तसाच प्रकार पुण्यास करविला, अशी हकीकत बखरींत आहे. भांडारकर संस्थेंतील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनीं हिंदुस्थानांतील दारूकामाचा इ. स. १४०० ते १९०० पर्यंतचा इतिहास लिहिला, त्यांत या हकीकतीचा परामर्श घेतला आहे. त्या रात्रीं पुणें शहर पणत्यांच्या उजेडांत असलें पाहिजे. आकाशांत जें पेटेल तोच काय तो प्रखर प्रकाश. छायाचित्रणाची कला जगापुढें आली १८३९ सालीं, म्हणून त्या लंकेचें चित्र आपणांस नाहीं. पण असतें तर तें घेणें आजच्यापेक्षां सोपें गेलें असतें. आज वर आकाश पेटतें आणि खालीं शहरहि पेटलेलेंच असतें. त्या दोहोंना एका चौकटींत नांदविणें हाच सारा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल मुंबईचा मरीन ड्राइव्ह घेऊं. समुद्राच्या कडेनें कमानीसारखा वळलेला रस्ता, त्याच्या एका अंगास गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत उठलेल्या आर्ट डेको थाटाच्या इमारती (२०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत गणलेल्या समूहांत याच इमारतींचा समावेश आहे) आणि दुसऱ्या अंगास काळें पाणी. दिव्यांच्या या रांगेस राणीचा हार म्हणण्याची चाल आहे. दिवाळींत लोक थेट कठड्यापाशीं उभे राहून बाण सोडतात. तेथें त्यांच्यांत तिवई मांडून उभें राहणें धोक्याचें तर आहेच, पण चित्राच्या दृष्टीनेंहि व्यर्थ आहे. कारण जवळून फुललेला बाण चौकटींत मावत नाहीं आणि मान वर केली कीं शहर हातचें जातें. नरीमन पॉइंटच्या टोंकाकडून चौपाटीच्या दिशेनें पाहावें, अथवा मलबार टेकडीवरच्या एखाद्या परिचिताच्या गच्चीवरून उलट दिशेनें. मध्यें पाणी आलें म्हणजे प्रत्येक दिव्याची लांबट सावली त्यांत पडते आणि शहराची शोभा दुप्पट होते. पुण्याच्या वाचकांस समुद्र नाहीं. त्यांनीं एखादी उंच गच्ची शोधून नदीकडे तोंड करावें.

आतां मुख्य गोष्ट. आकाशांतील बाण आणि रस्त्यावरील दिवा हे दोन्ही प्रकाशच. पण फिल्मशीं त्यांचें वागणें अगदीं भिन्न असतें. बाणाची ठिणगी धांवत असते. फिल्मच्या एका बिंदूवर ती निमिषमात्र येते आणि पुढें सरकते. तिच्यामागें राहते ती रेघ. अंगणांत रांगोळी घालणाऱ्या बाईची रेघ जाड उतरावी कीं बारीक, हें तिच्या चिमटीवर अवलंबून असतें. ती अंगणांत किती वेळ बसली यावर नव्हे. त्याचप्रमाणें ठिणगीची रेघ फिल्मवर किती उजळ उतरावी हें भिंगाचें छिद्र किती उघडें ठेवलें आणि फिल्म किती गतीची आहे, यावर ठरतें. कॅमेऱ्याचें शटर आपण दोन सेकंद उघडें ठेवा कीं वीस, रेघ तेवढीच. रेघांची संख्या मात्र वाढेल.

शहराच्या दिव्याचें तसें नाहीं. तो आपल्या जागीं अचल आहे. पिंडीवरील अभिषेकपात्रांतून थेंब थेंब पडत राहावा आणि खालचें तसराळें हळूहळू भरत जावें, तसा तो फिल्मच्या एकाच जागीं क्षणोक्षणीं प्रकाश सांचवीत असतो. तसराळें भरल्यावर पाणी बाहेर सांडतें. फिल्मवर तो दिवा फुगून पांढरा लोळ होतो आणि शेजारची खिडकी, तीवरील कंदील, त्याखालची गॅलरी यांना गिळून टाकतो. म्हणजे आकाशाची सूत्रें छिद्राच्या हातीं आणि शहराचीं छिद्राबरोबरच काळाच्याहि हातीं. एवढें ज्यास नीट उमगलें त्यास पुढचें सारें केवळ गणित आहे.

तें गणित असें. १०० गतीची फिल्म असेल तर आकाशांतील दारूकामास एफ/८ पासून एफ/१६ पर्यंतचें छिद्र मानवतें. दूरचे, मंद बाण असल्यास एफ/८. जवळचे, प्रखर असल्यास एफ/१६. यापेक्षां छिद्र मोठें ठेवलें कीं तांबड्या-हिरव्या रेघा पांढऱ्या पडतात. दीपोत्सवांत उजळलेल्या इमारतींच्या रांगेस याच फिल्मवर एफ/८ ला सुमारें चार सेकंद पुरतात. छिद्र एक पायरी लहान केलें कीं काळ दुप्पट: एफ/११ ला आठ सेकंद, एफ/१६ ला सोळा. पलीकडच्या तीराची अंधुक वस्तीच तेवढी चौकटींत असेल तर या काळाच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. उलट दुकानांच्या दिव्यांनीं झगमगणारा रस्ता अगदीं पुढ्यांत असेल तर एफ/८ ला एक-दोन सेकंदांतच तो भरून जातो. जागा पाहून आपला अंदाज बांधावा. मात्र शहर जितकें उजळ तितकें छिद्र लहान आणि फिल्मची गति मंद, ही दिशा सुटतां उपयोगी नाहीं. रात्र आहे म्हणून ४०० किंवा ८०० गतीची फिल्म घ्यावी, असा सल्ला पुष्कळ दुकानदार देतात. गच्चीवर मंडळींचीं चित्रें घ्यावयाचीं असतील तर तो योग्य आहे. झगमगत्या शहरावरच्या दारूकामास तो घातक आहे.

येथें विवंचना उभी राहते ती अशी. एफ/८ ला शहर चार सेकंदांचा अवधि देतें. एका बाणास उठून, फुलून, विझावयास पांच-सहा सेकंद सहज लागतात. म्हणजे एकच फूल पुरें व्हावयाच्या आंत शहर उतूं जाऊं लागतें! वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते, पुढें एल.ई.डी. आले. २०१५ सालीं मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे लागले तेव्हां राणीचा हार निस्तेज केला म्हणून केवढी ओरड झाली, तें वाचकांस आठवत असेल. सौंदर्याचा तो वाद बाजूस ठेवला, तरी दिवाळींत त्यांत रोषणाईच्या माळांची आणि जाहिरातींच्या फलकांची भर पडते, आणि तसराळें पूर्वीपेक्षां लौकर भरतें, यांत संशय नाहीं.

यावरचा तोडगा जुन्या छायाचित्रकारांनीं शोधून ठेवला आहे आणि तो आपल्या घरांत खुंटीवर टांगलेला असण्याचा संभव आहे. तो म्हणजे वडिलांची काळी टोपी. कॅमेऱ्यावर ‘बी’ अशी खूण असते. तीवर चक्र आणून शटरास लावलेली केबल दाबून अडकवून ठेविली म्हणजे शटर उघडेंच राहतें. त्याच क्षणीं भिंगासमोर, त्यास स्पर्श न करतां, टोपी धरावी. दूरवर ठिणग्यांची शेपटी वर चढतांना दिसली कीं टोपी बाजूस. फूल विझलें कीं टोपी पुन्हा जागेवर. टोपी दूर होती तेवढेच सेकंद शहरानें घेतले, मधला काळ कोणाच्याच खातीं पडला नाहीं. एफ/१६ ला शहराचे सोळा सेकंद असतील तर पांच-पांच सेकंदांचीं तीन फुलें एका चौकटींत निवांत बसतात. घरांतील एखाद्या मुलीस किंवा मुलास मोठ्यानें सेकंद मोजावयास बसवावें; मुलें हें काम फार निष्ठेनें करतात आणि त्यांचे हातहि फटाक्यांपासून दूर राहतात. टोपी नसेल तर काळ्या मखमलीचा तुकडा चिकटविलेला पुठ्ठा चालतो. पांढऱ्या टोपीचा मात्र उपयोग नाहीं. ती शहराचा प्रकाश भिंगांत परत लोटते.

निसर्गाचीहि या कामीं थोडी मदत होते. फिल्मवर प्रकाश मंद आणि काळ दीर्घ झाला कीं तिची ग्रहणशक्ति मंदावते. दहा सेकंदांत दहा सेकंदांचें काम होत नाहीं. या विकाराचा नियम १९०० च्या सुमारास कार्ल श्वार्झशिल्ट या जर्मन ज्योतिर्विदानें तारकांची छायाचित्रें घेतांना बसविला. पुढें १९१६ सालीं आइन्स्टाइनच्या समीकरणांचें उत्तर काढून कृष्णविवरांच्या शास्त्राचा पाया घालणारा श्वार्झशिल्ट तो हाच. इल्फर्डच्या एफपी-४ या कृष्णधवल फिल्मवर मोजणीनें सोळा सेकंद आले तर प्रत्यक्षांत सुमारें तेहतीस द्यावे लागतात. कोडॅकच्या टी-मॅक्स १०० वर दहाच्या जागीं पंधरा. फूजीच्या अ‍ॅक्रॉसला मात्र दोन मिनिटांपर्यंत कांहींच वाढवावें लागत नाहीं. इतर वेळीं हा फिल्मचा दोष मानतात. आमच्या कामांत तो गुण ठरतो. कारण ही सुस्ती अचल, मंद प्रकाशापुरती आहे. धांवती ठिणगी प्रत्येक बिंदूवर इतकी त्वरित येऊन जाते कीं तिच्या रेघेस या सुस्तीची बाधा होत नाहीं. शहराचें तसराळें आपोआप थोडें मोठें झालें, एवढाच त्याचा अर्थ. एफपी-४ वर त्या तेहतीस सेकंदांत तीनाऐवजीं पांच-सहा बाण बसतात. रात्रीच्या चित्रास कोणती फिल्म घ्यावी याविषयीं पुष्कळ वाद होतात; झगमगत्या शहरापुरतें बोलावयाचें तर आम्ही या सुस्त फिल्मच्या पक्षाचे आहों.

पण पांच-सहा बाण बसतात म्हणून ते बसवावेच काय? डोळ्यांनीं एकामागून एक पाहिलेलीं फुलें एका कागदावर एकाच वेळीं फुललेलीं दाखविणें हें खरें चित्र कीं खोटें, असा आक्षेप एका वडिलधाऱ्या गृहस्थांनीं आमच्यापुढें मांडला होता. आक्षेप निर्बुद्धपणाचा नाहीं. काळाशीं खेळल्यावांचून ही विद्याच उभी राहत नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली ती कैक दिवसांची हकीकत क्षणांत दाखविण्यासाठींच. व्हिस्लर या चित्रकारानें लंडनच्या क्रेमोर्न बागेंतील दारूकामाचें चित्र रंगविलें, त्यावर रस्किननें १८७७ सालीं अशी कांहीं झोड उठविली कीं प्रकरण न्यायालयांत गेलें. १८७८ सालीं व्हिस्लरच्या बाजूनें निकाल लागला. भरपाई मिळाली ती एक फार्दिंग! रात्रीच्या आकाशांतील क्षणिक प्रकाशाचें खरें चित्र कोणतें, या प्रश्नाची किंमत न्यायासनानेंहि तेवढीच ठरविली म्हणावयाची. आमचें मत विचाराल तर एका चौकटींत तीन, फार तर चार फुलें असावीं. त्याहून अधिक झालीं कीं आकाशाचा काळेपणा जातो, आणि काळेपणा गेला कीं फुलास कोंदण उरत नाहीं.

शहर जपा असा आग्रह आम्ही इतका कां धरीत आहों, तेंहि सांगितलें पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका घरीं गिरगांवांतील जुन्या चाळीच्या गच्चीवरून घेतलेलें दिवाळीच्या रात्रीचें एक चित्र आहे. दारूकामाच्या दृष्टीनें तें सामान्यच. वर दोन बाण आणि धूर. पण घेणाऱ्यानें संयम राखून छिद्र लहान ठेवल्यामुळें समोरच्या चाळीच्या साऱ्या गॅलऱ्या त्यांत स्वच्छ उतरल्या आहेत. ती चाळ आतां नाहीं. तेथें मनोरा उभा आहे. घरांतील आजीबाईंना डोळ्यांनीं फारसें दिसत नाहीं. त्यांनीं भिंग मागवून तें चित्र पाहिलें, दुसऱ्या मजल्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेविलें आणि म्हणाल्या, “हा काकूंकडचा कंदील. त्या वर्षीं करंजीचा आकार केला होता मुलांनीं.” आकाशांतील दोन बाणांकडे त्यांनीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं. बाण दर वर्षीं सारखेच उडतात. शहर दर वर्षीं तेंच राहत नाहीं. दोहोंपैकीं एकाचा त्याग करण्याची पाळीच आली तर कोणाचा करावयाचा, याविषयीं तेव्हांपासून आमच्या मनांत संदेह उरलेला नाहीं.

प्रत्यक्ष त्या रात्रीचीं व्यवधानें थोडक्यांत सांगतों. धूर हा सर्वांत मोठा शत्रु. आठाच्या सुमाराचे पहिले बाण स्वच्छ आकाशांत फुलतात. तासाभरानें त्याच आकाशांत धुराचा पडदा लोंबूं लागतो आणि शहराचा उजेड त्यावर पडून तो मळकट नारिंगी किंवा राखी दिसतो. काळ्या टोपीनें त्यावर उपाय होत नाहीं. म्हणून छत्तिसांपैकीं निम्म्या चौकटी पहिल्या अर्ध्या तासांतच खर्चाव्या. वारा आपल्या पाठीकडून वाहत असेल अशी जागा मिळाली तर उत्तम, निदान तो तोंडावर नसावा. आवाजावर विसंबून केबल दाबूं नये. ध्वनि तीन सेकंदांत जेमतेम एक किलोमीटर चालतो. खाडीपलीकडच्या बाणाचा बार कानीं येतो तोंवर तो विझलेला असतो. डोळा वर चढणाऱ्या शेपटीवर ठेवावा.

कॅमेरा जुना, सर्वस्वी यांत्रिक असेल तर फारच बरें. पेंटॅक्स के-१००० सारख्या कॅमेऱ्यांत विजेची घडी केवळ प्रकाशमापकापुरती लागते. ‘बी’ वर तो रात्रभर उघडा ठेवला तरी कांहीं खर्च होत नाहीं. पुढच्या काळांतल्या विजेवर चालणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांचें शटर उघडें धरण्यासहि घडी झिजते. त्यांच्यासाठीं दुसरी घडी खिशांत असूं द्यावी. भिंगावर धुळीपासून संरक्षण म्हणून बसविलेली साधी कांच त्या रात्रीं काढून ठेवावी, नाहींतर शहराचे दिवे तिच्यावरून परावर्तित होऊन आकाशांत हिरवट भुतांसारखे तरंगूं लागतात. तिवई लांकडी चाळीच्या गच्चीवर मांडली असेल तर मुलांच्या धांवण्यानें ती थरथरते आणि शहराचे सारे दिवे दुहेरी उतरतात. मुलांस त्या वेळीं फराळास बसविणें हा आम्हांस ठाऊक असलेला एकमेव उपाय आहे.

रंगांविषयीं दोन शब्द. तांबडा रंग स्ट्राँशियमच्या क्षारांनीं येतो, हिरवा बेरियमच्या, पिवळा सोडियमच्या; पांढरा लखलखाट मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा. निळा तांब्याचा असून तो साधणें दारूकाम करणारांसहि अवघड जातें, कारण ज्वाला जरा अधिक तापली तर तो फिकट होतो. म्हणून निळ्याची अपेक्षा फिल्मकडूनहि फार ठेवूं नये. २०१८ च्या त्याच निकालानें बेरियमच्या क्षारांना मनाई झाली आहे, तेव्हां जुन्या चित्रांत दिसणारा गर्द हिरवा आज कोणास कमी आढळला तर त्याचा दोष फिल्मवर टाकूं नये. रंगीत चित्र घ्यावयाचें तर पारदर्शिकेपेक्षां निगेटिव्ह फिल्म नवशिक्यास बरी. शहर थोडें अधिक भरलें तरी ती सांवरून घेते. पारदर्शिका असली क्षमा जाणत नाहीं, पण साधली तर तिच्यासारखें काळें आकाश दुसरीकडे मिळत नाहीं.

रोल धुणें रंगीत फिल्मच्या बाबतींत प्रयोगशाळेवरच सोंपवावें. तेथील विकासक-द्रव्य जवळजवळ ३८ अंशांवर राखावें लागतें आणि त्यांतील सव्वातीन मिनिटांत फरक पडलेला चालत नाहीं. कृष्णधवल रोल मात्र घरीं धुण्यासारखा आहे. डी-७६ द्रव्यासाठीं २० अंश उष्णता ठेवतात. आपल्याकडे दिवाळींतहि नळाचें पाणी त्याहून बरेंच उष्ण असतें, म्हणून भांडें बर्फाच्या पाण्यांत बसवून उष्णतामापकानें खात्री करून घ्यावी. उजळ शहर चौकटींत असेल तर नेहमींच्या काळापेक्षां पंचमांशानें कमी धुतलें असतां दिवे आटोक्यांत राहतात. ठसा उठवितांनाहि हात चालविण्यास वाव आहे. शहराच्या पट्ट्यास कागदावर थोडा अधिक प्रकाश दिला कीं पांढरे पडलेले तक्तपोशीचे कंगोरे आणि खिडक्यांच्या चौकटी कांहीं अंशीं परत येतात. आणि तें करतांना आकाशावर पुठ्ठा धरावा, म्हणजे तेथील फुलें सांवळून जात नाहींत. निगेटिव्हच्या पाकिटावर तिथि, जागा, छिद्र आणि सेकंद लिहून ठेवावे. पुढल्या वर्षीं याच चार आंकड्यांवरून आरंभ करावयाचा असतो.

एवढें करूनहि रोलांत चार-पांच चौकटी बहुधा शिल्लक राहतात. त्या फुकट घालवूं नयेत आणि रोल लगेच धुवावयास देण्याची घाईहि करूं नये. पंधरा दिवसांनीं त्रिपुरी पौर्णिमा येते. वाळकेश्वरास बाणगंगेच्या पायऱ्यांवर त्या संध्याकाळीं दिवे लागतात. तेथें बाण नसले तरी अचल दिव्यांचें आणि पाण्याचें गणित तेंच आहे; फक्त आकाशांत पूर्ण चंद्र असतो आणि दहा-वीस सेकंदांच्या चित्रांत तो चांदीच्या रुपयासारखा न उतरतां नुसता पांढरा गोळा होतो. त्यास चौकटीबाहेर ठेवावें आणि त्याचा उजेड तेवढा पायऱ्यांवर घ्यावा.